राणादा आणि पाठकबाई

कसबा बावड्याच्या उसाच्या मळ्यांत भेटणारा रांगडा गडी घरोघरीं पोंचला तो 'तुझ्यात जीव रंगला' या मालिकेमुळें. झी मराठीवर ती २०१६ पासून २०२१ च्या आरंभापर्यंत चालली. बरेंचसें चित्रण कोल्हापूरजवळील वसगडे गांवीं झालें. नायक राणादा शेतकरी व पैलवान, शिक्षण बेताचें. अंजली पाठक मात्र शिक्षिका. आखाड्यांत भल्याभल्यांना लोळविणारा हा गडी मनांतली गोष्ट बोलतांना स्वतःच चीत होतो, हीच विनोदाची गोडी.

परंतु बायको अधिक शिकलेली, घर एकत्र आणि नंदितावहिनी कारस्थानी. असा संसार टिकावा कसा? उत्तर साधें आहे. राणाला पत्नीच्या विद्येचा कमीपणा नव्हे, अभिमान वाटतो. आणि त्याच्या अल्पशिक्षणास ती हंसत नाहीं.

या भूमिका करणारे हार्दिक जोशी व अक्षया देवधर २०२२ च्या डिसेंबरांत खरोखरच विवाहबद्ध झाले. पडद्यावरचा संसार लेखक सांवरतो. आपला आपणांसच सांवरावा लागतो. सुज्ञ वाचकहो, आपल्या सुनेची पदवी भिंतीवर झळकते. घरच्या निर्णयांत तिचा शब्दहि ऐकला जातो काय, एवढें एकदां पाहावें.