बोटभर पत्तीचा गावभर सूर

महाड आणि पोलादपूर या दक्षिण रायगडातील तालुक्यांत शिमग्याची पालखी, लग्नाचे वऱ्हाड आणि ग्रामदैवताचा उत्सव ज्या सुराच्या मागोमाग चालतो, तो सूर सनईच्या लाकडी नळीत जन्मत नाही आणि तिच्या पितळी कर्ण्यातही जन्मत नाही. तो जन्मतो वाद्याच्या टोकाशी दोऱ्याने बांधलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या पत्तीत. या पत्तीला जिव्हाळी असेही म्हणतात. सनईची नळी पिढ्यान्‌पिढ्या टिकते, पण पत्ती काही आठवड्यांच्या वादनात निकामी होते आणि पुन्हा नव्याने घडवावी लागते. म्हणून सनई वाजवणे आणि पत्ती जमवणे ही दोन कामे मुळात एकाच माणसाची असतात, आणि ज्या भागात पत्ती जमवणारे हात उरत नाहीत, त्या भागात चांगली सनई असूनही तिचा आवाज उरत नाही.

या भागातील सनईची ओळख प्रामुख्याने खालूबाजाशी जोडलेली आहे. ढोल, टिमकी, झांज आणि सनई यांचा हा मेळ रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांच्या ग्रामजीवनात मुरलेला असून फाल्गुनात पालख्या घरोघरी फिरतात तेव्हा त्याला सर्वाधिक मागणी असते. महाडचे ग्रामदैवत वीरेश्वर याच्या छबिन्याला परिसरातील ग्रामदेवतांच्या पालख्या आणि सासनकाठ्या येतात, त्यांत विन्हेऱ्याच्या झोलाईचा मान मोठा मानला जातो, आणि या साऱ्या मिरवणुकींना वाजपाची साथ असते. याच महाड तालुक्यात रायगड किल्ला आहे. ६ जून १६७४ रोजी ज्या राजसभेत शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, तिच्या सिंहासनासमोरची नगारखान्याची भव्य कमान आजही उभी आहे. नगारे आणि सनई यांचा मेळ, म्हणजेच चौघडा, हे राजसत्तेचे आणि देवस्थानाचे चिन्ह होते. त्यामुळे एकाच वाद्याला या भूमीत गडावरील दरबाराचे वैभव आणि वाडीवरील पालखीची जवळीक, दोन्ही लाभली.

पत्ती बोलते कशी

सनईची पत्ती म्हणजे एकमेकांवर टेकलेली दोन लवचीक पाती असून त्यांच्यामध्ये केसाएवढी फट असते. वादक ओठांत पत्ती धरून फुंकर घालतो तेव्हा हवा या फटीतून वेगाने आत शिरते, वेगामुळे फटीतील दाब कमी होतो, तोंडातील जास्त दाब पात्यांना बाहेरून दाबतो आणि फट मिटू लागते. फट मिटताच हवेचा प्रवाह अडतो, पाती आपल्या लवचिकपणाने पुन्हा उघडतात, आणि ही उघडझाप सेकंदाला शेकडो वेळा घडत राहते. प्रत्येक उघडझापीबरोबर नळीतील हवेला एक धक्का बसतो, आणि सनईवरील कोणती छिद्रे बोटांनी झाकली आहेत यावर त्या हवेच्या स्तंभाची लांबी, म्हणजेच सुराची उंची, ठरते. अशा दोन पात्यांच्या वाद्यांचे कुटुंब फार मोठे आहे. तमिळ प्रदेशातील नादस्वरम, पश्चिम आशियातील झुर्ना आणि युरोपातील ओबो व बॅसून ही सर्व याच तत्त्वावर वाजतात.

या वाद्यांपैकी सनई आणि बॅसून यांची नळी शंकूच्या आकाराची असते, म्हणजे ती तोंडाशी अरुंद असून पुढे क्रमाने रुंद होत जाते. शंकूचे टोक कापून टाकल्याशिवाय तिला पत्ती बसवता येत नाही, आणि ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने कापलेल्या या टोकाची जागा पत्तीच्या पोटातील पोकळीने भरून काढावी लागते. ही पोकळी प्रमाणाबाहेर लहान किंवा मोठी झाली तर खालचे सप्तक सुरात असूनही वरचे सप्तक बेसूर लागते. म्हणूनच अनुभवी वादक सूर चढला किंवा उतरला की आधी पत्तीकडे पाहतो. ती नळीवर थोडी आत सरकवतो, बाहेर ओढतो किंवा तिचे टोक कातरतो, कारण छिद्रांची जागा बदलता येत नाही, पण पत्ती बदलता येते.

ताडाचे पान आणि बोरूची काडी

ग्रामीण सनईची पत्ती अनेक ठिकाणी ताडाच्या पानापासून करतात. जून पान निवडून ते वाळवतात, मग ओले करून मऊ झाल्यावर त्याच्या घड्या घालतात, पितळेच्या बारीक नळीच्या टोकाभोवती पानाचा खालचा भाग दोऱ्याने आवळतात आणि वरचा भाग पंख्याच्या आकारात कातरतात. त्यानंतर पत्ती सपाट दाबून ठेवणे, सुकू देणे, टोक पुन्हा कातरणे आणि वाजवून पाहणे हा क्रम पत्ती मनासारखी बोलेपर्यंत चालतो. पारंपरिक सनईच्या गळ्याशी दोऱ्याला टांगलेली जास्तीची पत्ती आणि पत्तीचे तोंड मोकळे करण्याची सुई दिसते ती शोभेसाठी नसते. भर मिरवणुकीत पत्ती बसली, चिरली किंवा तिच्यात थुंकी साचली, तर वादकाला उभ्या उभ्याच उपाय करावा लागतो.

उत्तर भारतातील शहनाईच्या आणि दक्षिणेतील नादस्वरमच्या पत्तीसाठी नदीकाठच्या पोकळ गवताची काडी वापरण्याची प्रथा आहे. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांचे जन्मगाव असलेल्या बिहारमधील डुमरावचा परिसर अशा काडीसाठी ओळखला जातो, तर तमिळनाडूत कावेरीच्या खोऱ्यातील तिरुवावडुतुरै हे गाव नादस्वरमच्या पत्तीसाठी, म्हणजे सीवाळीसाठी, प्रसिद्ध आहे. त्याच परिसरातील नरसिंगम्पेट्टैच्या नादस्वरमला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रात पुण्याच्या शंकरराव गायकवाडांनी सनईला आणि सोलापूरच्या जाधव घराण्याने तिच्या धाकट्या रूपाला, म्हणजे सुंद्रीला, रागसंगीताच्या मैफलीत स्थान मिळवून दिले. मैफलीत मींड घेताना, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाताना, वादक ओठांचा दाब सूक्ष्मपणे बदलतो; त्यासाठी पत्ती मऊ आणि आज्ञाधारक असावी लागते. खालूबाजातील सनईला मात्र उघड्या रानात ढोलाच्या वर ऐकू जायचे असते, म्हणून तिची पत्ती अधिक दम मागणारी असली तरी चालते. वाद्य एकच असले तरी काम बदलले की पत्ती बदलते.

बॅसूनच्या पत्तीचे शास्त्र

बॅसून हे युरोपीय वाद्यवृंदातील खर्जाचे फुंकवाद्य आहे. त्याची लाकडी नळी उलगडली तर सुमारे अडीच मीटर भरेल, पण ती मध्येच दुमडलेली असते, आणि तिच्या वरच्या टोकाला वळणदार धातूची बारीक नळी जोडून तिच्यावर पत्ती बसवतात. या वाद्याचा सर्वांत खालचा सूर काढताना पत्ती सेकंदाला सुमारे ५८ वेळा उघडझाप करते. महाराष्ट्रात हे वाद्य प्रत्यक्ष ऐकण्याची सोय मुंबईच्या नरिमन पॉइंट येथील राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात, २००६ साली स्थापन झालेल्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या मैफलींत होते. पत्ती घडवण्याच्या बाबतीत मात्र बॅसून हा सनईचा थोरला नातेवाईक आहे, आणि सनईची पत्ती करणाऱ्यांचे ज्ञान जिथे तोंडी राहिले, तिथे बॅसूनच्या पत्तीचा प्रत्येक टप्पा मोजून लिहून ठेवलेला असल्यामुळे त्यावरून या कलेचे अंतरंग समजून घेणे सोपे जाते.

बॅसूनची पत्ती ज्या वनस्पतीपासून होते ती बोरूच्या जातीची, शास्त्रीय नावाने अरुंडो डोनॅक्स असून दक्षिण फ्रान्समधील वार प्रांतातील तिची पैदास सर्वोत्तम मानली जाते. साधारण दोन वर्षे वाढलेल्या काड्या हिवाळ्यात तोडून उन्हात वाळवतात आणि पुढे बराच काळ मुरू देतात. सुमारे २४ ते २५ मिलिमीटर जाडीची पोकळ कांडी उभी चिरून तिची पट्टी काढतात, ती पाण्यात भिजवतात आणि आतून तासून सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाडीवर आणतात. त्यानंतर पट्टीच्या मधल्या भागावरची चकचकीत साल काढून तो भाग पातळ करतात, कडा धातूच्या साच्याप्रमाणे कापतात आणि साल बाहेरच्या बाजूला राहील अशा रीतीने पट्टी मधोमध दुमडतात. दुमडलेल्या पट्टीवर पितळी तारेचे तीन फेरे बांधून तिच्या बुडात टोकदार पोलादी सळई घातली की सपाट बूड गोल नळीचा आकार घेते, आणि त्यावर दोरा गुंडाळून ती पट्टी काही दिवस सुकत ठेवतात. शेवटी दुमडीचे टोक कापले म्हणजे दोन पाती वेगळी होतात, आणि खरे काम तेथून सुरू होते.

हे खरे काम खरवडण्याचे आहे. साधारण साडेपाच सेंटिमीटर लांबीच्या या पत्तीची पाती टोकाकडे मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास पातळ होत जातात, तर मधली कणा म्हणावी अशी रेघ जाड ठेवतात, कारण कणा गेला की पत्तीचा आवाज फुसका होतो. टोक जाड राहिले तर फुंकर जड जाते आणि सूर चढा लागतो; ते जास्त पातळ झाले तर सूर उतरतो आणि आवाज फाटतो. वादक मध्ये मध्ये नुसती पत्ती ओठांत धरून फुंकतो, आणि तिच्यातून एकाच वेळी अनेक सुरांचा कावकाव असा आवाज आला म्हणजे ती तयार होत आल्याचे ओळखतो. तारेचे फेरेही उपयोगी पडतात. टोकाकडचा पहिला फेरा दोन्ही कडांनी दाबला तर फट उघडते, वरून-खालून दाबला तर मिटते. इतक्या मापांनंतरही सारख्या काडीच्या, सारख्या जाडीच्या दोन पत्त्या सारख्या बोलत नाहीत, कारण वनस्पतीचा धागा जागोजागी वेगळा असतो; त्यामुळे मोजपट्टी पत्तीला दारापर्यंत आणते आणि पुढचा निर्णय कान आणि अंगठा घेतात.

पाऊस, दमटपणा आणि पत्ती

वनस्पतीची पत्ती मेल्यानंतरही हवेतील ओलावा शोषते आणि सोडते. कोरडी पत्ती कडक आणि ठिसूळ असते, म्हणून बॅसूनवादक ती वाजवण्यापूर्वी काही मिनिटे पाण्यात भिजवतो आणि सनईवादक ती तोंडात ओली करतो. पण प्रमाणाबाहेर ओली झालेली पत्ती फुगते, तिची फट आणि लवचिकपणा बदलतो आणि ती सूर सोडते. सह्याद्रीच्या पायथ्याशी सावित्रीच्या खोऱ्यात वसलेल्या महाड-पोलादपुरात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तोही बहुतांश चार महिन्यांत, त्यामुळे येथील पत्तीला वर्षभरात दोन वेगळी हवामाने सोसावी लागतात. तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त आणि शिमगा कोरड्या हवेत येतात, तर गणपती बहुधा पाऊस पुरता ओसरण्याआधीच येतात. फाल्गुनात चोख बोलणारी पत्ती भाद्रपदात तशीच बोलेल अशी अपेक्षा धरता येत नाही, आणि म्हणूनच सनईवाल्याजवळ एका पत्तीऐवजी वेगवेगळ्या जाडीच्या अनेक पत्त्या असणे ही हौस नसून व्यवसायाची गरज आहे.

हात आणि वारसा

महाराष्ट्रात सनईवादन फार काळ जातीने ठरलेले काम होते. कोकणातील घडशी, देवस्थानांतील गुरव आणि इतर वाजंत्री समाजांकडे हे काम वंशपरंपरेने चालत आले, आणि पत्ती करण्याचे ज्ञानही त्याच घरांतून, लिहून न ठेवता, बापाकडून मुलाकडे गेले. या व्यवस्थेची दुसरी बाजू महाडमध्येच समोर आली. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, आणि त्या चळवळीच्या प्रभावाखाली महाराष्ट्रातील अनेक गावांत महार वाजंत्र्यांनी गावकीचे सक्तीचे वाजप सोडून दिले. वाजप ही कला असली तरी ते नाकारण्याचा अधिकार नसलेल्या माणसावर लादलेले होते, म्हणून ते सोडणे हा स्वाभिमानाचा निर्णय होता; त्यामुळे परंपरा आटल्याची खंत व्यक्त करताना ती कोणाच्या खर्चाने चालत होती, हा प्रश्न बाजूला ठेवता येत नाही.

आज या भागातील मिरवणुकींत बेंजो पथके आणि डीजे यांनी सनईची जागा मोठ्या प्रमाणावर घेतली आहे, आणि मुंबईहून सणाला परतणाऱ्या चाकरमान्यांच्या पिढीला सनई ध्वनिमुद्रणातूनच अधिक परिचित आहे. ध्वनिमुद्रित सुराला पत्ती लागत नाही, आणि पत्तीची मागणी थांबली की ती करण्याचे ज्ञान एका पिढीतच नाहीसे होऊ शकते, कारण हे ज्ञान वस्तूत साठत नाही. उत्तम सनई संग्रहालयात ठेवता येते, उत्तम पत्ती मात्र तेथे ठेवली तरी काही काळाने मुकी होते. बॅसूनसाठी कृत्रिम पदार्थांच्या, अधिक टिकाऊ पत्त्या आता मिळतात, तरीही पाश्चात्त्य संगीत विद्यालयांत या वाद्याच्या विद्यार्थ्याला पत्ती घडवणे शिकावे लागते, कारण जो पत्ती दुरुस्त करू शकत नाही तो आपल्या सुराचा मालक नसतो असे तेथे मानले जाते.

कोकणातील सनईसाठी यातून निघणारा धडा व्यवहाराचा आहे. वाद्ये वाटणे, स्पर्धा भरवणे आणि वृद्ध वादकांचे सत्कार करणे हे उपक्रम चांगले असले तरी त्यांनी पत्ती तयार होत नाही. पानाची निवड कधी करावी, ते किती वाळवावे, टोक किती कातरावे आणि पावसाळ्यात कोणती पत्ती जवळ बाळगावी हे ज्ञान ज्यांच्याजवळ आहे, त्यांच्याकडून ते योग्य मोबदला देऊन, जातीचे बंधन न ठेवता, शिकू इच्छिणाऱ्या कोणत्याही मुलामुलीपर्यंत पोहोचवणे आणि त्याची मापे व पद्धती लिहून व चित्रित करून ठेवणे, हे काम त्याआधीचे आहे. महाड किंवा पोलादपुरात उद्या सनईचा वर्ग सुरू झाला, तर त्याचा पहिला तास रागाचा किंवा तालाचा न ठेवता कात्री, दोरा आणि पानाचा ठेवावा लागेल.