ईबेवर फीडबॅक देताना

जुनी नाणी, पोस्टाची तिकिटं ईबेवर बोली लावून घेणाऱ्या मंडळींसाठी थोडं फीडबॅकबद्दल.

पियरे ओमिद्यार यांनी १९९५ मध्ये ही साइट सुरू केली आणि पुढच्याच वर्षी फीडबॅकची सोय आणली. अनोळखी माणसाला पैसे पाठवायचे तर दुसरा आधार होता कुठे? तेव्हा दोन्ही बाजू एकमेकांना निगेटिव्ह देऊ शकत. साहजिकच उट्टं काढणं सुरू झालं आणि खराब माल मिळूनही खरेदीदार गप्प बसायला लागले. म्हणून २००८ मध्ये नियम बदलला. विक्रेता आता खरेदीदाराला निगेटिव्ह देऊच शकत नाही.

त्यामुळे आपली जबाबदारी वाढली. नाणं हातात आल्यावर फोटोत न दिसलेली, पॉलिश मारल्याची चकाकी दिसली, तर आधी विक्रेत्याला फोटोसकट मेसेज करा आणि दोन-चार दिवस थांबा. पार्सल कस्टम्समध्ये अडकल्याचा राग त्याच्यावर काढू नका. ‘अर्धे पैसे परत दे, नाहीतर निगेटिव्ह’ ही धमकी तर सरळ नियमभंग आहे.

‘मस्त, ए प्लस’ लिहून पुढच्याला काही कळत नाही. ‘कडेची खाच वर्णनात नव्हती, सांगितल्यावर पूर्ण रिफंड’ असं नेमकं लिहा. विक्रेत्यांनीही पैसे आले की फीडबॅक देऊन टाकावा. ‘आधी तुम्ही द्या’ हा हट्ट मला तरी कोतेपणाचा वाटतो.

आणि हो, निगेटिव्हखाली विक्रेत्याला उत्तर देता येतं. मी ते आधी वाचतो. तिथे शिवीगाळ दिसली की बोली लावत नाही, नाणं कितीही दुर्मीळ असो.