भाड्याचे भिंग

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील तलवाड्याहून एक कुटुंब हिवाळ्यातल्या सकाळी लवकर निघते. गेवराई, शहागड, पाचोड करत पैठण गाठते. जायकवाडी धरण १९७६ साली पूर्ण झाले आणि त्याच्या नाथसागर जलाशयाला १९८६ साली पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. येथील उथळ पाण्यात हिवाळ्यात रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात. सगळे हरखून जातात, भराभर फोटो काढतात. घरी येऊन पाहावे तर पाण्याच्या पट्टीवर नुसते गुलाबी ठिपके!

मग ठरते, की पुढच्या वेळी मोठी लेन्स भाड्याने आणायची. मोठ्या शहरांत अशा लेन्स दिवसाच्या हिशेबाने मिळतात. पण मोठी म्हणजे किती मोठी? दुकानात जाण्याआधी हा प्रश्न वर्गातल्या फळ्यावरच सोडवता येतो.

आधी एक प्रयोग करू. आजोबांचा जवळचे वाचण्याचा, साधा, अधिक २ क्रमांकाचा चष्मा घ्या. खोलीत अंधार करून एकच खिडकी उघडी ठेवा. खिडकीसमोरच्या भिंतीवर पांढरा कागद लावा आणि चष्म्याची एक काच त्याच्यापुढे धरून मागेपुढे करा. काच कागदापासून सुमारे ५० सेंटिमीटरवर आली, की बाहेरचे दूरचे झाड कागदावर उलटे उमटेल. ५० सेंटिमीटर हे त्या भिंगाचे नाभीय अंतर. आता १० सेंटिमीटर नाभीय अंतराचे वाचनाचे भिंग वापरा. त्याच झाडाची प्रतिमा पाचपट लहान दिसेल. (भिंगातून सूर्याकडे मात्र कधीही पाहू नका.)

दुकानातल्या लेन्सवर लिहिलेला ५५ किंवा ४०० मिलिमीटर हा आकडा म्हणजे हेच नाभीय अंतर. दूरच्या वस्तूसाठी समरूप त्रिकोणांवरून सरळ सूत्र मिळते: प्रतिमेची उंची = वस्तूची उंची × नाभीय अंतर ÷ वस्तूचे अंतर.

रोहित पक्षी सुमारे १.३ मीटर उंच, आणि आपल्यापासून १०० मीटरवर उभा आहे असे धरू. कॅमेऱ्यासोबत सहसा येणाऱ्या लेन्सची लांबी ५५ मिलिमीटरपर्यंत असते. तिच्यातून पक्ष्याची प्रतिमा जेमतेम ०.७ मिलिमीटर पडेल. अनेक कॅमेऱ्यांतील प्रकाशसंवेदक सुमारे २३.५ मिलिमीटर रुंद आणि १५.६ मिलिमीटर उंच असतो. म्हणजे पक्षी चौकटीच्या उंचीचा बाविसावा हिस्सा व्यापतो. ठिपका का आला, ते कळले! ४०० मिलिमीटरच्या लेन्सने हीच प्रतिमा ५.२ मिलिमीटर होते, चौकटीचा एक तृतीयांश. आता चोचीचा बाकही दिसेल. मोबाइलच्या पडद्यावर दोन बोटांनी चित्र ताणले तर ठिपका मोठा होतो, पण त्यात नवीन तपशील येत नाही.

सूत्राकडे पुन्हा पाहा. अंतर निम्मे केले तर २०० मिलिमीटरची लेन्सही पुरेल. मग पुढेच का जाऊ नये? कारण पक्षी उडतील. दूरच्या प्रवासासाठी चरून साठवलेली शक्ती अशा दचकून उडण्यात खर्च होते. लांब लेन्सचा खरा उपयोग हा, की आपण लांबच राहू शकतो.

मग आजोबांच्या चष्म्याची काच ५०० मिलिमीटरची असताना भाडे कशाला? एक तर एकट्या भिंगाच्या प्रतिमेला रंगीत कडा येतात आणि ती कोपऱ्यांत पसरट होते. हे दोष घालवण्यासाठी लेन्समध्ये वेगवेगळ्या प्रकारच्या काचेची अनेक भिंगे बसवतात. दुसरे कारण प्रकाश. नाभीय अंतराला प्रकाशछिद्राच्या व्यासाने भागले, की लेन्सवरचा ‘एफ’ आकडा मिळतो. ४०० मिलिमीटरच्या लेन्सचा एफ ५.६ असेल तर व्यास सुमारे ७१ मिलिमीटर, आणि एफ २.८ असेल तर १४३ मिलिमीटर. व्यास दुप्पट, प्रकाश चौपट; वजन आणि किंमतही त्याच वाटेने वाढते. सकाळच्या लख्ख उन्हात एफ ५.६ पुरतो. तेव्हा उगाच जास्त भाडे देऊ नका.

प्रतिमा मोठी होते, तसे हाताचे थरथरणेही मोठे होते. कॅमेरा अंशाच्या दहाव्या भागाने हलला तर ५५ मिलिमीटरच्या लेन्समध्ये प्रतिमा ०.१ मिलिमीटर सरकते, ४०० च्या लेन्समध्ये ०.७ मिलिमीटर. म्हणून शटर सेकंदाच्या निदान सहाशेव्या भागाइतके जलद ठेवावे आणि लेन्सला आधार द्यावा. ट्रायपॉड नसेल तर अर्धवट भरलेली ज्वारीची पिशवी गाडीच्या खिडकीत ठेवून तिच्यावर लेन्स टेकवा. दुपारी मात्र जाऊ नका. तापलेल्या हवेच्या थरांतून येणारे किरण सतत वाकतात, त्यामुळे महागड्या लेन्सलाही पक्षी लहरताना दिसतो.

आणि घरच्यांचा फोटो? तलवाड्याच्या त्वरिता देवीच्या मंदिरापुढे कुटुंब ३ मीटर रुंदीत उभे आहे. तेवढी रुंदी चौकटीत बसवायला ४०० च्या लेन्सने ५१ मीटर मागे जावे लागेल. “आजी, इकडे बघ” ही हाकही पोहोचायची नाही! १८ मिलिमीटरला २.३ मीटर पुरतात. कॅमेऱ्यासोबतची लहान लेन्स घरी विसरू नका.

लेन्स घेताना ती आपल्या कॅमेऱ्याच्या खाचेत बसते का, ते पाहावे. दुकानातच दोन-चार फोटो काढावेत, आधीचे ओरखडे पावतीवर लिहून घ्यावेत आणि अनामत किती ते विचारावे. काचेवर रस्त्याची धूळ बसली तर शर्टाच्या टोकाने पुसू नये. धुळीतले कठीण कण काचेवरच्या नाजूक लेपावर चरे पाडतात. रबरी फुग्याने हवा मारून ती आधी उडवावी.

सहलीपूर्वी विद्यार्थ्यांना एक काम द्या. बगळा ०.९ मीटर उंच आहे आणि ६० मीटरवर उभा आहे. तो चौकटीच्या उंचीचा तिसरा हिस्सा व्यापायला किती मिलिमीटरची लेन्स आणावी? उत्तर सुमारे ३५० येईल. ज्याला ते काढता आले, त्याला लेन्स आणायला दुकानात खुशाल पाठवावे.