'पॅरिश' शब्दाचे मूळ आणि अर्थ

धर्मग्रामाला इंग्रजीत 'पॅरिश' म्हणतात, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. हाच शब्द फ्रेंचमध्ये 'पारुआस', स्पॅनिश व पोर्तुगीजमध्ये 'पारोकिया', इटालियनमध्ये 'पारोक्किया' आणि पोलिशमध्ये 'पाराफिया' या रूपांत आढळतो. या सर्वांचे मूळ एकच आहे, ते म्हणजे 'पारोइकिया' हा ग्रीक शब्द.

ग्रीक भाषेत 'पारा' म्हणजे शेजारी आणि 'ओइकोस' म्हणजे घर. 'पारोइकोस' म्हणजे इतरांच्या घरांशेजारी वस्ती करून राहणारा, परंतु त्या नगराचे नागरिकत्व नसलेला परका मनुष्य. हिब्रू धर्मग्रंथांचे ग्रीक भाषांतर करणाऱ्या विद्वानांनी हाच शब्द अब्राहामासाठी योजला. सारेच्या दफनासाठी जमीन मागताना तो हेथी लोकांपुढे स्वतःची ओळख परका व उपरी अशी करून देतो (उत्पत्ती २३:४).

नव्या करारात संत पेत्र आपल्या पहिल्या पत्रात श्रद्धावंतांना याच शब्दाने संबोधतात (२:११) आणि त्यांच्या ऐहिक जीवनाला 'पारोइकिया', म्हणजे प्रवासातील मुक्काम, असे म्हणतात (१:१७). पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमहून करिंथ येथे पाठविलेल्या, संत क्लेमंट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पत्राच्या आरंभीही दोन्ही ठिकाणच्या ख्रिस्तसभांचे वर्णन त्या त्या नगरात परक्यासारखी वस्ती करणाऱ्या सभा असेच आहे.

पुढे या शब्दाला भौगोलिक अर्थ प्राप्त झाला. प्रारंभीच्या शतकांत तो बिशपांच्या अखत्यारीतील समुदायासाठी वापरला जाई; कालांतराने तो एका धर्मगुरूच्या देखरेखीखालील लहान विभागासाठी रूढ झाला. ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये धर्मग्रामांना निश्चित सीमा असाव्यात आणि प्रत्येकाला आपल्या लोकांना ओळखणारा स्वतःचा धर्मगुरू असावा, असा आदेश दिला. सीमा आखल्या गेल्या आणि प्रवाशांचा तळ स्थायिकांचे गाव बनला. इंग्रजीत तर 'परोकियल' या विशेषणाला 'संकुचित वृत्तीचा' असा अर्थ चिकटला. परक्यांचे नाव असलेल्या शब्दातून परक्याला दूर ठेवणाऱ्या वृत्तीचे नाव निघावे, हा दैवदुर्विलास होय!

आपल्या शेजारच्या कोकणी भाषेतील 'फिर्गज' हा शब्द मात्र निराळ्या कुळातला आहे. तो पोर्तुगीज 'फ्रेगेझिया'वरून आला असून त्याच्या मुळाशी 'ख्रिस्तसभेचे पुत्र' असा लॅटिन शब्दप्रयोग आहे. मराठीतील 'धर्मग्राम' या शब्दात 'ग्राम' आहे. त्यातून स्थिर वस्तीचे चित्र उभे राहते. तीन शब्द, तीन चित्रे: मुक्कामी प्रवासी, आईची लेकरे आणि एकत्र नांदणारे गाव.

यांपैकी पहिले चित्र आज विसरून चालणार नाही. आपल्या अनेक धर्मग्रामांत जुन्या कुटुंबांच्या बरोबरीने नोकरीधंद्यानिमित्त आलेली, भाड्याच्या खोलीत राहणारी, वेगळी भाषा बोलणारी कॅथलिक कुटुंबे आहेत. 'ते आपले नव्हेत' असे त्यांच्याविषयी सहज बोलले जाते. ख्रिस्तसभेचा कायदा तसे म्हणत नाही. १९८३ च्या कॅनन लॉच्या कलम १०२ नुसार धर्मग्रामाच्या हद्दीत किमान तीन महिने राहण्याच्या उद्देशाने आलेल्या व्यक्तीलाही तेथे निवास प्राप्त होतो आणि कलम १०७ नुसार तेथील प्रमुख धर्मगुरू तिचे स्वतःचे धर्मगुरू ठरतात. गरीब, दुःखी, एकाकी आणि मायदेशातून परागंदा झालेल्यांची विशेष काळजी घेण्याचे कर्तव्य कलम ५२९ त्या धर्मगुरूंवर सोपविते. हे कर्तव्य पार पाडताना त्यांना श्रद्धावंतांची साथ हवी. मिस्सानंतर नवागताची विचारपूस करणे आणि आपल्या समूहाच्या प्रार्थनासभेला त्याला बोलावणे, ही त्याची साधी सुरुवात होय.

संत लूक यांच्या शुभवर्तमानात अम्माऊसच्या वाटेवर क्लयपा एका अनोळखी सोबत्याला विचारतो की, यरुशलेमेत राहणारा तूच एकटा असा परका आहेस काय (२४:१८). मूळ ग्रीकमध्ये तेथे 'पारोइकोस' याच शब्दाचे क्रियापद आहे. त्या सोबत्याला शिष्यांनी आग्रहाने मुक्कामाला ठेवून घेतले, आणि भाकर मोडताना तो पुनरुत्थित प्रभू असल्याचे त्यांना उमगले.