सुरांची किंमत किती?

दिवाळीच्या खरेदीची यादी करताना घरोघरी थोडीफार खलबते होतातच. पण गेल्या वर्षी आमच्या एका स्नेह्यांच्या घरी जो पेचप्रसंग उभा राहिला, तो फराळाचा नव्हता की कपड्यांचा नव्हता. तो होता एका ॲम्प्लिफायरचा!

हे स्नेही नुकतेच सेवानिवृत्त झालेले. पस्तीस वर्षे इमानेइतबारे नोकरी केली, मुलीचे शिक्षण केले, ठाण्यात दोन खोल्यांची जागा केली. या सगळ्या धबडग्यात षौक म्हणून एकच सांभाळला, तो गाणे ऐकण्याचा. निवृत्तीची रक्कम हाती येताच त्यांच्या मनाने उचल खाल्ली. किशोरीताईंचा भूप एकदा असा ऐकायचा, की बाई समोरच्या गालिच्यावर बसल्या आहेत असे वाटले पाहिजे! दुकानात जाऊन त्यांनी ऐकून पाहिले. ज्या यंत्रावर त्यांचे मन बसले, त्याची किंमत निघाली साडेतीन लाख रुपये. घरचा ॲम्प्लिफायर पंधरा वर्षांपूर्वी लॅमिंग्टन रोडवर अठरा हजारांना घेतलेला.

"घ्या की," वहिनी शांतपणे म्हणाल्या, "पण मला त्यातला फरक ऐकू आला पाहिजे."

लग्नापूर्वी वहिनी आठ वर्षे गाणे शिकल्या होत्या. तेव्हा ही अट वाटते तेवढी सोपी नव्हती.

ॲम्प्लिफायर करतो तरी काय?

वाचकांपैकी ज्यांना यंत्रांची फारशी ओळख नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा. रेकॉर्डवरून किंवा सी. डी. वरून निघणारा विजेचा संदेश अगदी क्षीण असतो. त्याने स्पीकरचा पडदा हलणार नाही. त्या संदेशाला बळ द्यावयाचे, पण त्याचा चेहरामोहरा बदलावयाचा नाही, एवढेच ॲम्प्लिफायरचे काम. स्वतःचे काही न घालता निरोप जसाच्या तसा, फक्त मोठ्या आवाजात पोचविणारा दूत म्हणा ना!

असा प्रामाणिक दूत घडविणे एके काळी फार कठीण होते. व्हॉल्व्हमधून जाताना आवाज थोडा विकृत होई. १९२७ सालच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे हॅरल्ड ब्लॅक नावाचे तरुण इंजिनियर फेरीबोटीतून कामावर निघाले असता त्यांना एक युक्ती सुचली. बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा भाग उलटा करून पुन्हा आत सोडावयाचा, म्हणजे यंत्र आपली चूक आपणच सुधारीत जाते. हाताशी वर्तमानपत्र होते, त्यावरच त्यांनी आकृती काढली. पुढे १९४७ साली इंग्लंडमध्ये डी. टी. एन. विल्यमसन यांनी 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात आपल्या ॲम्प्लिफायरचा आराखडा छापला. पूर्ण पंधरा वॅट शक्ती देतानाही त्यातील विकृती शेकडा एक दशांशापेक्षा अधिक नव्हती. तो आराखडा पाहून हौशी मंडळींनी घरच्या घरी ही यंत्रे जुळविली. म्हणजे प्रामाणिक दूत कसा घडवावा, हे कोडे पाऊणशे वर्षांपूर्वीच बरेचसे सुटले होते.

मग साडेतीन लाख कशाचे?

कान खरे, पण डोळे मिटल्यावर

या प्रश्नावर पाश्चात्त्य देशांत गेली पन्नास वर्षे कडाक्याचे वाद चालले आहेत. एक पक्ष म्हणतो, "आम्हांला फरक स्वच्छ ऐकू येतो. तुमचे मापनयंत्र बहिरे आहे." दुसरा म्हणतो, "फरक ऐकू येतो ना? मग कोणते यंत्र चालू आहे ते न पाहता सांगा."

१९७८ साली जेम्स मॉयर यांनी अशीच एक परीक्षा घेतली. क्वाड कंपनीची तीन यंत्रे घेतली: १९५३ सालचे व्हॉल्व्हचे, १९६७ सालचे ट्रान्झिस्टरचे आणि १९७५ सालचे अगदी नव्या पद्धतीचे. ऐकणारे होते जाणकार. पण कोणते यंत्र वाजते आहे हे झाकून ठेवल्यावर त्यांना ती एकमेकांपासून वेगळी ओळखता येईनात. १९८७ च्या जानेवारीत अमेरिकेतील 'स्टीरिओ रिव्ह्यू' मासिकाने याहून मोठा घाट घातला. एका बाजूला बारा हजार डॉलरांची व्हॉल्व्हची जोडी आणि दुसऱ्या टोकाला सव्वादोनशे डॉलरांच्या आतबाहेरचा साधा रिसीव्हर. निष्कर्ष तोच! रिचर्ड क्लार्क नावाच्या गृहस्थांनी तर १९९० च्या सुमारास पैजेचा विडाच मांडला. आवाज समान करून दोन ॲम्प्लिफायर बिनचूक ओळखा आणि दहा हजार डॉलर घेऊन जा. पैज २००६ पर्यंत खुली होती. विडा कोणालाही उचलता आला नाही.

यातील "आवाज समान करून" हे शब्द फार मोलाचे आहेत. दोन यंत्रांपैकी एक किंचित मोठ्याने वाजत असेल, तर आपल्याला ते मोठे वाटत नाही. ते चांगले वाटते! याला कारण आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवून दिले, की आवाज लहान असताना आपला कान खर्जाला आणि अतितार स्वरांना कमी दाद देतो. आवाज थोडा चढविला की तबल्याचा डग्गा भरदार लागतो आणि तंबोऱ्याची जवार खुलते. दुकानात बटण केसभर पुढे सरकले, तरी गिऱ्हाईक खूष होते.

महागाचीही बाजू

पण वाचकहो, एवढ्यावरून सगळी महाग यंत्रे म्हणजे लबाडी, असा निवाडा देणे अन्यायाचे होईल. काही ॲम्प्लिफायर खरोखरच वेगळे वाजतात. व्हॉल्व्हच्या पुष्कळ यंत्रांचा अंतर्गत रोध जास्त असतो आणि स्पीकरचा रोध प्रत्येक स्वराला बदलत असतो. या दोहोंच्या झटापटीत काही स्वर किंचित उचलले जातात आणि काही दबतात. पुष्कळांना हा रंग आवडतोही. काही स्पीकर असे खादाड, की आठ ओहमचे म्हणून घ्यावे आणि मध्येच ते तीन ओहमपर्यंत उतरतात. तेथे दुबळे यंत्र धापा टाकते. शिवाय भक्कम बांधणी, वीस वर्षांनीही मिळणारी दुरुस्ती, मुळीच न गुणगुणणारा ट्रान्स्फॉर्मर या गोष्टींना किंमत पडते, आणि ती रास्त आहे.

या बाबतीत बॉब कार्व्हर या अमेरिकन इंजिनियरची हकीगत मोठी मौजेची आहे. १९८५ साली 'स्टीरिओफाइल' मासिकाच्या चोखंदळ संपादकांना त्याने आव्हान दिले: तुमच्या आवडीचे कोणतेही महागडे यंत्र आणा, माझा सातशे डॉलरांच्या आसपासचा ॲम्प्लिफायर मी तसाच वाजवून दाखवितो. संपादकांनी व्हॉल्व्हचे एक बडे यंत्र आणले. प्रथम दोहोंत फरक होता, आणि तो ऐकूही येत होता. कार्व्हर हॉटेलच्या खोलीत डाग देण्याची इस्त्री घेऊन बसला. दोन्ही यंत्रे एकमेकांविरुद्ध जोडून शिल्लक राहील तेवढाच आवाज ऐकावयाचा आणि तो कमी कमी करीत जावयाचे, हा उद्योग त्याने सुमारे दोन दिवस चालविला. शेवटी संपादकांच्या कसलेल्या कानांनाही यंत्रे निराळी सांगता येईनात. फरक खरा होता, पण तो मोजता येत होता आणि जुळविताही येत होता. तो किमतीच्या चिठ्ठीत दडलेला नव्हता.

गोधडीआडची परीक्षा

आमच्या स्नेह्यांनी दुकानदाराशी असलेल्या जुन्या ओळखीवर ते साडेतीन लाखांचे यंत्र चार दिवसांसाठी घरी आणले. पहिल्या संध्याकाळी त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. "पाहा, तंबोरा कसा झंकारतो! जुन्यावर हा होताच कुठे?" आम्हांलाही तसेच वाटले, हे कबूल केले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मुलगी मीटर घेऊन बसली. एकच स्थिर स्वर दोन्ही यंत्रांवर वाजवून तिने स्पीकरच्या टोकांवरील विजेचा दाब मोजला. नव्यावरचा दाब जवळजवळ बारा टक्क्यांनी जास्त, म्हणजे आवाज एक डेसिबलने मोठा! तिने बटणे फिरवून दोन्ही दाब एक टक्क्याच्या आत आणले. मग यंत्रांपुढे दोरी बांधून आजीच्या दोन जाड गोधड्या टाकल्या, आणि आत बसून नाणे उडवीत ती कधी हे, कधी ते यंत्र जोडू लागली. सोळा वेळा भूपाचा तोच तुकडा. घाई नाही, पुन्हा ऐकण्यास मुभा.

स्नेह्यांचे सोळापैकी नऊ बरोबर आले, वहिनींचे सात. नुसते नाणे उडविले असते, तरी साधारण आठ आलेच असते.

खोलीत बराच वेळ कोणी बोलेना. स्नेही चष्मा पुसत राहिले. वर्षभर उराशी बाळगलेले स्वप्न असे एका संध्याकाळी हिशेबाच्या वहीत मांडले गेले, की माणसाला वाईट वाटतेच. मग वहिनीच म्हणाल्या, "मला या दोन यंत्रांत फरक कळला नाही. पण काल आणि आज यांत नक्की फरक आहे. आज गाणे स्वच्छ आहे. काल एवढे खणखणत होते, ते कुठे गेले?"

मुलीने गोधड्या काढल्या. उघड्या फरशीवरून आणि कोऱ्या भिंतींवरून आपटणारा सूर पुन्हा खणखणू लागला. गोधड्या टाकल्या, सूर निवला. आजीच्या गोधड्यांनी जे केले, ते साडेतीन लाखांना साधले नव्हते!

मग घ्यावे काय?

ज्यांना असे काही घ्यावयाचे असेल त्यांनी आधी स्पीकर निवडावेत. दोन स्पीकरांच्या आवाजातील फरक डोळे मिटूनही ऐकू येतो. मग खोलीकडे पाहावे. सतरंजी, जाड पडदे, पुस्तकांचे कपाट यांची किंमत कमी आणि गुण मोठा. ॲम्प्लिफायर शेवटी. तो आपल्या स्पीकरला पुरेल एवढा असला म्हणजे झाले. शंभर वॅट आणि पन्नास वॅट यांत आवाजाचे अंतर केवळ तीन डेसिबलचे असते. आवाज दुप्पट मोठा वाटण्यास शक्ती सुमारे दहापट लागते, आणि बैठकीच्या खोलीत बहुतेक वेळ एखाद्या वॅटवरच काम भागते. ऐकून पाहाल तेव्हा आवाज समान करावयास सांगा आणि डोळे मिटा. त्यानंतरही एखादे देखणे, भारदस्त यंत्र हवेसे वाटले, तर खुशाल घ्या. दागिनाही आपण वजनापेक्षा जास्त मोल देऊन घेतोच. फक्त आपण दागिना घेतो आहोत, हे ठाऊक असावे.

आमच्या स्नेह्यांनी यंत्र परत केले. पाऊण लाखाचे चांगले स्पीकर आणले, फरशीवर जाड गालिचा आला, भिंतीला पुस्तके आली. जुना ॲम्प्लिफायर आहे तोच आहे. उरलेल्या रकमेतील थोडीशी काढून डिसेंबरात दोघेही पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवाला गेली. मंडपात गारठा होता आणि खुर्च्याही अवघडच होत्या.

परतल्यावर आम्ही विचारले, "काय, आवाज कसा होता?"

"आवाजाकडे लक्षच गेले नाही हो," ते म्हणाले, "गाणे इतके सुंदर होते!"