वेबपानावरील हिशेब कोठे व्हावा?

दवाखान्यासाठी वेबपान करवून घेताना आपण रंग, छायाचित्रे व पदव्यांची मांडणी यांचा पुष्कळ विचार करतो. रुग्णाने भरलेल्या माहितीवर प्रक्रिया कोठे होणार, हे मात्र क्वचितच विचारतो. मला हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

त्याची उत्तरे दोन: रुग्णाच्या मोबाइलमधील ब्राउझर किंवा दूरवरचा सर्व्हर. १९९५ या एकाच वर्षी ब्राउझरसाठी जावास्क्रिप्ट व सर्व्हरसाठी पीएचपी लोकांसमोर आल्या आणि ही निवड सुलभ झाली. आपल्या व्यवसायाच्या भाषेत सांगायचे तर रक्तदाब आपण रुग्णासमोरच मोजतो. रक्ताचा नमुना मात्र प्रयोगशाळेत पाठवतो.

एक उदाहरण घेऊ. बालकाला पॅरासिटामॉल प्रतिकिलो १५ मिलिग्रॅम द्यायचे, तर १२ किलो वजनासाठी एका वेळची मात्रा १८० मिलिग्रॅम होते. हा गुणाकार ब्राउझरमध्येच व्हावा. इंदूरला उपचारासाठी झाबुआ, बडवानी, खरगोन येथूनही रुग्ण येतात. पान एकदा उतरले की तेथील दुबळ्या नेटवर्कवरही उत्तर तत्काळ मिळते आणि माहिती कोठेही पाठवावी लागत नाही. १२ ऐवजी १२० लिहिले गेल्यास तेथल्या तेथे सूचनाही देता येते.

परंतु ही सूचना म्हणजे सोय आहे, संरक्षण नव्हे. ब्राउझरमधील आज्ञावली वापरणाऱ्याच्या हाती असते. जाणकार ती वाचू शकतो, बदलूही शकतो. म्हणून नोंदीत जाणारी प्रत्येक माहिती सर्व्हरने पुन्हा तपासलीच पाहिजे.

याहून गंभीर दोष म्हणजे सर्व रुग्णांची यादी ब्राउझरकडे पाठवून पडद्यावर एकाचीच दाखवणे. न दिसणारी नावेही त्या मोबाइलमध्ये पोहोचलेली असतात. क्षयरोगाची वा मानसिक आजाराची नोंद अशी बाहेर पडली, तर ती परत घेता येत नाही. असा शोध सर्व्हरवरच व्हावा आणि अधिकार तपासून आवश्यक तेवढीच नोंद बाहेर यावी.

वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्या देशात २०२३ साली संमत झाला. रुग्णाचे गुपित राखण्याचे आपले व्रत मात्र हिपोक्रेटिसच्या शपथेइतके जुने आहे. तेव्हा वेबपान करणाऱ्याला आपण एवढे अवश्य विचारावे: कोणता हिशेब कोठे होतो, आणि समोरच्या मोबाइलवर नेमके काय पोहोचते? यासाठी संगणकतज्ज्ञ असण्याची गरज नाही. रुग्णाची काळजी असली म्हणजे पुरे.