टेन्सचा तक्ता आणि शास्त्री मार्केट

चंडीगडच्या सेक्टर १७ च्या बसस्टँडवरून रस्ता ओलांडला की सेक्टर २२ लागतो. शहर वसवायला घेतलं तेव्हा अगदी आधी उभ्या राहिलेल्या सेक्टरांपैकी हा एक. मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्र्यू या वास्तुरचनाकार जोडप्याचा हात इथल्या आखणीत होता. किरण सिनेमाही फ्रायचाच. आज मात्र नजर जाते ती एससीओंच्या पाट्यांकडे. एससीओ म्हणजे शॉप-कम-ऑफिस, खाली दुकान आणि वर कचेरी. वरच्या मजल्यांवर आयएल्ट्स, पीटीई या इंग्रजीच्या परीक्षांच्या शिकवण्या आणि स्टडी व्हिसा. २०२३ मध्ये कॅनडाने एक्स्प्रेस एन्ट्री या स्थलांतराच्या योजनेत फ्रेंच जाणणाऱ्यांसाठी वेगळ्या फेऱ्या सुरू केल्या, तेव्हा त्यात फ्रेंचचीही भर पडली.

अशा शिकवण्यांची तऱ्हा आपल्या ओळखीची आहे. टेन्सचा तक्ता, गाळलेल्या जागा, ॲक्टिव्हचं पॅसिव्ह, निबंधाचे ठरीव साचे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या पिढीला यात नवं काही नाही. गंमत अशी, की आयएल्ट्समध्ये व्याकरणाचा स्वतंत्र पेपरच नसतो. लिसनिंग आणि रीडिंगचे प्रत्येकी ४० प्रश्न मुख्यतः समजलं की नाही एवढंच पाहतात. बोलण्याच्या परीक्षेत चार निकष असतात: ओघ, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार. म्हणजे व्याकरणाच्या वाट्याला पाव हिस्सा. घोकून आणलेलं उत्तर परीक्षकाने ओळखलं, तर त्याचा फटका बसतो तो वेगळाच.

मग तक्ता टिकून का आहे? कारण तो विकता येतो. ‘आज पास्ट परफेक्ट झाला’ असं सांगता येतं, वहीत दाखवता येतं, घरी फी भरणाऱ्यालाही ते पटतं. कान तयार झाला हे कुठल्या वहीत दाखवणार?

अमेरिकेतल्या भाषातज्ज्ञ स्टीफन क्रॅशनने १९८० च्या सुमारास या तक्त्यालाच हात घातला. त्याचं म्हणणं असं, की अर्थ लागतोय असं भरपूर ऐकायला आणि वाचायला मिळालं की भाषा अंगी मुरते. फक्त ते सध्याच्या आवाक्याच्या किंचित पुढचं हवं. पाठ केलेले नियम लिहिलेलं तपासायला उपयोगी पडतात, बोलताना वेळेवर हजर होत नाहीत.

हे केवळ विलायती खूळ समजू नये. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी बंगलोर, मद्रास आणि दक्षिणेतल्या इतर काही साध्या शाळांत व्याकरणाची क्रमवारी बाजूला ठेवून इंग्रजी शिकवून पाहिलं. फळ्यावर रेल्वेचं वेळापत्रक. ही गाडी किती वाजता सुटते, दुपारच्या आत पोचायचं तर कोणती धरावी, असं शिक्षक इंग्रजीतच विचारणार. एक कोडं सगळ्या वर्गाने मिळून सोडवायचं, मग तसंच दुसरं ज्याचं त्याने. एका शब्दात उत्तर आलं तरी चालायचं. वाक्य चुकलं तर शिक्षक तेच नीट म्हणून पुढे जायचा, त्यावर धडा नाही. मुलांचं सारं लक्ष गाडी गाठण्याकडे! पुढे ॲलन बेरेटा आणि ॲलन डेव्हिस यांनी ही मुलं आणि नेहमीच्या पद्धतीने शिकणारी मुलं यांचे निकाल ताडून पाहिले, तेव्हा जो तो गट आपापल्या पद्धतीला सोयीच्या चाचणीत पुढे निघाला. तरीही एकंदर कल या मुलांच्या बाजूचा होता. परीक्षा कशी घ्यावी हाही वादाचाच भाग आहे, हे त्यातून मला दिसतं.

सेक्टर २२ मध्येच असा एक वर्ग फीशिवाय भरतो, शास्त्री मार्केटात. नव्याने बदली होऊन आलेल्या मराठी कुटुंबाला पंजाबी इथे ऐकायला मिळते. “भाजी (म्हणजे दादा), ए किन्ने दा?” दुकानदार कापड उलगडत म्हणतो, “ढाई सौ दा जी,” आणि बोटंही दाखवतो. हिंदी येत असल्याने निम्मं आधीच कळतं, उरलेलं हातवाऱ्यांवरून. पण अडीचशेचे दोनशे करून घ्यायचे तर तोंड उघडावं लागतं. नुसतं ऐकून-वाचून भाषा येते या क्रॅशनच्या म्हणण्याशी माझं इथे जुळत नाही. कॅनडात फ्रेंच माध्यमात वर्षानुवर्षं शिकणारी इंग्रजीभाषक मुलं समजण्यात पटाईत, बोलण्या-लिहिण्यात मात्र कच्ची राहतात, हे मेरिल स्वेनने १९८५ मध्ये दाखवलं होतं.

पंजाबातल्या मानसा-संगरूरकडून फ्रेंच शिकायला आलेल्या पोराला मात्र असा बाजार मिळत नाही. तिथे वर्गालाच बाजार व्हावं लागतं: चित्रं, हातवारे, शिक्षकाचं सोपं आणि सतत बोलणं, आणि पुस्तकं. फिजीतल्या खेड्यांतल्या शाळांत वॉरिक एली आणि फ्रान्सिस मांगुभाई यांनी वर्गागणिक सुमारे २५० सचित्र गोष्टींची इंग्रजी पुस्तकं ठेवली होती. १९८३ मध्ये त्यांनी लिहिलं, की या मुलांचं वाचन नेहमीच्या जवळजवळ दुप्पट वेगाने सुधारलं आणि दुसऱ्या वर्षी भाषेच्या इतर अंगांतही फरक पडला. २५० पुस्तकांचं कपाट एससीओच्या कुठल्याही खोलीत भिंतीला लागून मावेल. अडचण एवढीच, की त्याचा गुण यायला वर्ष लागतं आणि बॅच असते काही आठवड्यांची.